टमाटरच्या पास्त्याले चालेल अशी वाइन

दरेकसा
४ जानेवारी २०२५

चि. पुष्पांजली,

जमुनामावशीचे आशीर्वाद घे. पाकीट पाहून छातीत धस्स होऊ देऊ नको, इकडं सगळे जिते-जागते आहेत. मोबाइलच्या जमान्यात मावशी पत्र कायले लिहून राहिली, असं म्हणशील. घरात फोन एकच, तो संजूच्या खिशात. इथं डोंगराखाली रेंज नाही. तो सालेकशाले पंपाच्या मोटारी बांधायच्या दुकानात कामाले गेला की लागते. म्हणजे आपल्या बोलण्यात तो असणारच. अन् ही गोष्ट मले त्याच्या कानावर जाऊ द्यायची नाही. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकजो. मी रिटायर झाली तरी नवी बाई माझं टपाल आणून देते.

खुशखबर ही की संजूचं जमून राहिलं. पोरगी रविता, गोरेगावची, रोपवाटिकेत कामाले आहे, बोलायले एकदम साफ. दोघं एकमेकाले पसंत. अडलं ते तिच्या बापापाशी. भोजराज टेंभरे त्याईचं नाव. वीस वर्षं जहाजावर खानसामा होते, इटलीपर्यंत जाऊन आले. त्याईच्या मोठ्या जावयानं बोलणीच्या दिवशी 'मी दारूले शिवत नाही' म्हणून कानाले हात लावले होते, अन् लग्नानंतर तो नालीत सापडाले लागला. तेव्हापासून 'पीत नाही' म्हणणाऱ्यावर त्याईचा भरोसा नाही. म्हणतात, जो अर्धा ग्लास पिऊन ग्लास खाली ठेवते, तो खरा माणूस. तर नऊ फेब्रुवारीले ते आमच्या घरी येऊन स्वतः पास्ता बनवतील अन् पोराले सोबत बसवून वाइन पाजतील. पास्ता त्याईचा, वाइन मुलाकडची.

आपल्या संजूनं पोळ्यापासून सोडली, तुले ठाऊकच आहे. तो म्हणते, आई, घाबरू नको, मी ठेवून दाखवतो ग्लास.

तू पुण्याच्या त्या इटालियन हॉटेलात वाइनच वाढते ना? मंग सांग बाई, टमाटरच्या पास्त्याले कोणती चालते. सात-आठशेच्या वर नको. अन् एक विचारायचं होतं, सहजच. नशा नसलेली वाइन असते का?

तुझी
जमुनामावशी


पुणे
११ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

सा. न. तुझं पाकीट आलं तेव्हा आमचा मॅनेजर म्हणाला, काय हो, कोर्टाची नोटीस का? मी म्हटलं, नाही, आमच्या दरेकशाहून वाइनची ऑर्डर आहे. अख्खं किचन हसलं. मावशी, तू आणि वाइन! मला अजून खरं वाटत नाही.

आता नीट वाच. टमाटर आंबट असतो, म्हणून त्याच्यासोबतची वाइनही थोडी आंबटसरच हवी, नाहीतर ती पाण्यासारखी लागते. लाल घे, पण हलकी. गडद, जड लाल घेतलीस तर तोंडात लोखंड चघळल्यासारखं होईल. गोड तर अजिबात नको, भोजराजजी पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतील. नाशिककडची साधी लाल सहा-सातशेत मिळते आणि घरच्या पास्त्याला पुष्कळ झाली. महागडी घेऊन तो माणूस काही जास्त खूश होणार नाही.

गोंदियाच्या दुकानात काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नकोस, आतल्या फळीवरची माग. फिरकीच्या झाकणाची घे, बूच काढायचं हत्यार तुझ्याकडे कुठलं असणार? वाढायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. आणि अर्धी वाटी सॉसमध्ये टाकायला सांग, टमाटरची चव खुलते.

बिननशेची मिळते की. पण ती म्हणजे शेंगदाण्याशिवाय चिक्की. आणि मावशी, अर्ध्या ग्लासानं संजूदादाला काय होणार आहे? पोळ्यापासून ज्यानं शिवली नाही त्याच्यावर थोडा विश्वास ठेव. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस.

तुझी
पुष्पा


दरेकसा
१७ जानेवारी

चि. पुष्पा,

तुझं पत्र चारदा वाचलं. हसली तू, हसून घे. पण मले काही नीट सांग.

वाइन सॉसमध्ये टाकली तर आचेवर दारू सगळी उडून जाते का थोडी राहते? थोडी म्हणजे किती? चमचाभर? अन् अर्धा ग्लास वाइन म्हणजे मोहाच्या दारूचे किती घोट झाले?

कायले विचारून राहिली ते सांगते. डिसेंबरात संजूच्या दोस्ताचं, मुन्नालालचं लग्न होतं. पोरांनी आग्रह केला, यानं एक घोट घेतला. एकच घोट, पुष्पा! पाच मिनिटांत तोंड विटेसारखं लाल झालं. छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, ओकाऱ्या सुरू झाल्या. दोन घंटे आंब्याखाली आडवा पडला होता. मी मांडीवर डोकं घेऊन बसली. उठल्यावर म्हणते, आई, मी देवीपुढं शपथ घेतली अन् मोडली, म्हणून देवीनं मारलं. दुसऱ्याच दिवशी जाऊन नारळ फोडून आला. आता गावात सगळ्याईले सांगते, देवी माझ्या पाठीशी आहे. मीही मान डोलावते.

म्हणून भेव वाटते. अर्ध्या ग्लासानं पुन्हा तसंच झालं तर? सोयऱ्याच्या समोर?

अजून एक. एखादं औषध रोज पोटात जाऊन राहिलं असन, अन् ते बंद केलं, तर अंगातून पूर्ण निघाले किती दिवस लागतात? पोटाच्या औषधाचं विचारून राहिली. तुमच्या हॉटेलात डॉक्टरलोक येत असतील, कोणाले विचारजो. माझं नाव सांगू नको.

मावशी


पुणे
२३ जानेवारी, स्पीड पोस्टनं

मावशी,

तू संजूदादाला काय देते आहेस?

मला फिरवू नकोस. तुझं पत्र घेऊन मी आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्या काकांकडे गेले. लाल तोंड, धडधड, ओकारी, एका घोटात. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, त्याला कोणीतरी दारू सोडवायच्या गोळ्या देतंय, आणि त्याला माहीत नाही. माहीत असतं तर त्यानं घोट घेतलाच नसता.

मावशी, ही देवी नाही. ती गोळी आहे. काका म्हणाले, गोळी अंगात असताना दारू गेली तर हृदय बंद पडू शकतं, मुन्नालालच्या लग्नात तो वाचला ते नशीब. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे थेंबसुद्धा चालत नाही. सॉसमधलीसुद्धा नाही. मी तुला अर्धी वाटी टाकायला सांगितलं होतं!

खरं काय ते लिही. नाहीतर मी सरळ दादाला दुकानावर फोन करते.

पुष्पा


दरेकसा
२८ जानेवारी

पुष्पा,

तू ओळखलं. हो, मीच देऊन राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. गोंदियाच्या एका मेडिकलमधून चिठ्ठीबिगर आणल्या. सकाळी चुरून वरणात टाकते. दुकानदारानं बजावलं होतं, यावर दारू पोटात गेली तर माणूस जाऊ शकते. मी म्हटलं, मी जाऊ देणार नाही.

तुझ्या मावसाजीसमोर मी चौदा वर्षं हात जोडले. पुरनलाल बिसेन म्हटलं की तलावाच्या पाळीवर दहा माणसाचं काम करणारा गडी होता. शेवटी पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, मले ओळखत नव्हता. संजू बारा वर्षाचा होता. त्यानं बापाले अग्नी दिला. अन् त्याच पोराच्या तोंडाले मले तोच वास आला तेव्हा मी ठरवलं, आता हात जोडणार नाही. हात जोडून काही होत नाही, पुष्पा.

तू म्हणशील, सांगून टाक. कशी सांगू? तो छाती काढून चालते आता. ग्रामसभेत उभा राहून बोलला, मी माझ्या मनानं सोडली, कोणाच्या धाकानं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शेजारचा भुपेंद्र सांजच्या टायमाले येऊन बसते, संजूभाऊ, मलेही सोडवा म्हणते. रवितानं संजूले हो म्हटलं ते ह्याच्यासाठीच. त्याले मी कोणत्या तोंडानं सांगू, बापा, तू नाही सोडली, मी सोडवली?

गोळी बंद कर म्हणशील, तर तेही होत नाही. मधात मी तीन दिवस नणंदेकडं गेली होती. परत आली तर पोरगा उगाचच भांडून राहिला होता, डोळे मोहाच्या भट्टीकडं. दोन आठवडे सोडला तर तो राहीन का? अन् नऊ तारखेले आता बाराच दिवस उरले. तारीख पुढं ढकलली तर भोजराजजी म्हणतील, पोरगा भ्याला.

तूच काही रस्ता काढ. पण त्याले फोन केला तर माझं मेलं तोंड पाहशील. माझी शपथ आहे तुले.

जमुना


पुणे
१ फेब्रुवारी

मावशी,

शपथ घालायला नको होतीस. दोन दिवस मला तुझा राग राग आला, आणि तरी मी हे करते आहे.

सोबतच्या खोक्यात बाटली आहे. लाल वाइन, पण दारू काढून घेतलेली. गाडी चालवायची असते ते गिऱ्हाईक आमच्याकडे हीच मागतात. रंग तोच, वास जवळपास तोच, दारू शून्य. साडेसहाशेला पडली, म्हणजे तुझ्या बजेटातच. पहिल्याच पत्रात तू मागितली होतीस आणि मी चिक्कीचा विनोद केला.

मागचं लेबल कोमट पाण्यात भिजवून काढून टाक. पुढच्या लेबलावर खाली बारीक अक्षरात शून्य लिहिलंय, तिथं पांढरं फडकं गुंडाळ. मोठ्या हॉटेलांत फडकं गुंडाळूनच वाढतात, भोजराजजींना ते पाहून बरंच वाटेल. सॉसमध्ये टाकायची तर ह्याच बाटलीतली. त्यांनी स्वतःची आणली असेल तर ती लपव, सांडून टाक, काय वाटेल ते कर. ती दादाच्या तोंडाला लागता कामा नये.

त्यांना चव कळेल का? मला नाही सांगता येत. वीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस आहे.

पण एक वचन दे. हे एकदाच. होळीच्या आधी तू दादाला सगळं सांगशील. मी आता तुझ्याबरोबर ह्यात आहे, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

पुष्पा


दरेकसा
११ फेब्रुवारी

माझ्या सोन्या पुष्पा,

पार पडलं! तुझ्या तोंडात साखर पडो.

भोजराजजी सकाळीच आले, लुंगी नेसून चुलीपुढं बसले. टमाटर, लसूण, कसली तरी वाळलेली पानं. माझं सगळं घर परदेशासारख्या वासानं भरलं. त्याईनं बाटली आणली नव्हती. मी फडकं गुंडाळून तुझी बाटली पुढं केली. पहिला घोट घेतला, ग्लास उजेडाकडं धरला, मंग माझ्याकडं पाहिलं. "हलकी आहे," म्हणाले. मी म्हटलं, पुण्याहून मागवली. त्याईनं वाटीभर सॉसमध्ये टाकली अन् पळी फिरवू लागले.

संजूनं अर्धा ग्लास पिला. हळूहळू, पास्ता खात. मंग ग्लास ठेवला. भोजराजजी म्हणाले, अजून घ्या. हा म्हणाला, बस झालं. ते पुन्हा म्हणाले, तरी यानं ग्लासावर हात ठेवला. रविता खाली मान घालून हसत होती. भोजराजजींनी उठून त्याले छातीशी धरलं. साखरपुडा दोन मार्चले, आमच्याच दारात. मी खोलीत जाऊन पदरात तोंड घालून रडली.

पास्ता मले काही आवडला नाही. रबरासारखा लागते.

एक सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संजू भांडी घासताना शिट्टी वाजवत होता. म्हणते, "आई, पाहिलं ना? काही झालं नाही. मुन्नालालच्या लग्नात देवीनं मारलं होतं, आता देवीनंच हात काढला. पाच महिने तपश्चर्या केली, ती पावली. आता दारू माझी नोकर अन् मी मालक." मी म्हटलं, हो रे बापा, पण पुन्हा नको शिवू. तर हसून म्हणते, मालक कधीमधी नोकराले हाक मारीनच ना.

असंच गमतीत बोलला असन. मी वरणात नेहमीसारखी टाकली.

मावशी


पुणे
१७ फेब्रुवारी

मावशी,

त्याला आजच सांग. हे पत्र वाचून झालं की लगेच, चूल पेटवायच्या आधी.

आपण काय करून ठेवलं ते तुला दिसत नाही का? मुन्नालालच्या लग्नानंतर तो घाबरला होता. त्या भीतीनंच तो वाचत होता. आपण त्याला खोटी वाइन पाजून ती भीती काढून घेतली. आता त्याला वाटतं दारू त्याला काही करत नाही, आणि गोळी रोज पोटात जातेच आहे. साखरपुड्याला दोस्त येतील, मुन्नालाल येईल, कोणीतरी ग्लास पुढे करेल, आणि या वेळी तो नाही म्हणणार नाही.

मी तुझी शपथ मोडली. परवा दुकानावर फोन केला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा दादानंच उचलला. मावशी, तो इतका खुशीत होता! म्हणाला, पुष्पे, साखरपुड्याला आली नाहीस तर बोलणार नाही. म्हणाला, तुझ्या वाइननं माझं लग्न जमवलं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, रवितासाठी साडी कोणत्या रंगाची आणू? पाच मिनिटं आम्ही साडीवर बोललो. फोन ठेवला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला सुट्टी मिळत नाही, मी येऊ शकत नाही. फोनवर माझ्या तोंडून निघत नाही.

तू त्याची आई आहेस. तुलाच सांगावं लागेल. निदान गोळी तरी आजपासून बंद कर, आणि त्या दिवशी त्याला एक क्षण नजरेआड होऊ देऊ नकोस.

पुष्पा


दरेकसा
८ मार्च

पुष्पा,

तुझं पत्र मले साखरपुड्याच्या आठ दिवस आधी भेटलं. वाचलं अन् तांदळाच्या कोठीत ठेवलं. रोज सकाळी म्हणे, आज सांगते. मंग म्हणे, साखरपुडा होऊ दे, मंग सांगते, तोवर एकेक दिवस तरी सुखाचा जाऊ दे. गोळी बंद केली नाही. बंद केली तर त्याच आठ दिवसांत त्यानं पिली असती असं मले वाटलं. माझ्या डोक्यात दोन्हीकडून विहीरच दिसत होती.

दोन तारखेले दुपारी बारा वाजता अंगठ्या झाल्या. पंगत बसली. मी वाढपावर लक्ष ठेवून होती अन् त्याच्यावर नजर ठेवायची विसरली, एवढंच झालं. मुन्नालाल अन् आणखी दोघं त्याले मंडपामागं घेऊन गेले. कोणी जबरदस्ती केली नाही, पुष्पा. मुन्नालाल नको म्हणत होता, मागच्या खेपेचं त्याले ठाऊक होतं. यानंच ग्लास मागितला. म्हणाला, भेऊ नको, देवीनं सोडलं मले. दोन ग्लास पिला.

रवितानं पहिले पाहिलं. मंडपाच्या बांबूले धरून उभा होता, तोंड लाल, ओठ निळे. मंग कोसळला. जीपमध्ये टाकून गोंदियाले नेलं. वाटेत दोनदा त्याचा श्वास थांबला असं मले वाटलं. रविता त्याच्या छातीवर हात ठेवून मोजत होती.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काही औषध चालू होतं का? रविता म्हणाली, नाही सर, हे तर सुपारीही खात नाहीत. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. खरं सांगते पुष्पा, माझं पोरगं आत मरून राहिलं होतं अन् माझ्या डोक्यात हेच, की रवितासमोर कसं सांगू.

भोजराजजी माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशीची वाइन खोटी होती. मले पहिल्याच घोटाले समजलं. म्हटलं, मायनं पोराच्या काळजीनं केलं असन. त्यानं दुसऱ्यांदा घेतली नाही म्हणून मी गप्प बसलो. आता सांगा, काऊन बदलली होती? मले नको, डॉक्टरले सांगा."

मंग मी सांगितलं. सगळं. पोळ्यापासूनचं. डॉक्टर धावतच आत गेले. मले वाटलं संजू शुद्धीवर नाही. परिचारिकेनं पडदा सारला तर त्याचे डोळे उघडे होते.

वाचला तो. चौथ्या दिवशी घरी आणला. माझ्याशी बोलत नाही. मी त्याच्यापुढं ताट ठेवते, तो उचलून बाहेर गायीपुढं ठेवते.

तू म्हणत होतीस सांग. आता सांगितलं.

मावशी


दरेकसा
१६ मार्च

पुष्पा,

मी आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहून राहिलो. दुकानातून फोन करता आला असता. पण तू साडीचा रंग विचारशील.

रागानं लिहीत नाही. राग होता, दवाखान्यातच सरला. आईनं मले मारलं असं लोकं म्हणून राहिले. मारलं नाही तिनं. बाबासारखं मरू नये म्हणून केलं, हे मलेही समजते. तुझं सगळं आई बोलली. तुझी पत्रं पण दाखवली. वाइनच्या बाटलीचं वाचून मले हसू आलं, खरंच. एवढ्या मेहनतीनं कोणी मले फसवलं नव्हतं.

हृदय ठीक आहे. दारू बंद आहे, आजच्या घटकेपर्यंत. भट्टीच्या रस्त्यानं दोनदा जाऊन परत आलो. एकदा काऊन परत आलो ते मलेच ठाऊक नाही.

रात्रंदिवस एकच विचार डोक्यात घुमते, तो तुले विचारतो. तू शिकलेली आहे, पुण्याले राहते. ग्रामसभेत मी म्हटलं होतं, माझ्या मनानं सोडली. काही दिवस असे होते की मले प्यावंसं वाटलं अन् मी दात खाऊन बसलो. ते मी होतो का गोळी होती? मुन्नालालच्या लग्नानंतर मी देवीपुढं उभा राहून रडलो, ते कोणासमोर रडलो? पोळ्यापासून आतापर्यंत एक तरी दिवस माझा होता का? आईले विचारलं तर ती नुसती रडते. भुपेंद्र येऊन बसते तर मी त्याच्या तोंडाकडं पाहू शकत नाही. तो अजूनही विचारते, संजूभाऊ, तुमी कसं सोडलं?

आईच्या हातचं खाल्लं जात नाही. घशाखालीच उतरत नाही, काय करू. मी माझा भात वेगळा शिजवतो. ती ताट वाढते, माझ्यासमोर बसते, वरणाचे दोन घास आधी स्वतः खाऊन दाखवते, मंग ताट माझ्याकडं सरकवते. आपल्या पोराले ती असं खाऊन दाखवते, पुष्पा. मले तेव्हा उठून तिचे पाय धरावेसे वाटतात. अन् तरी ताटाले हात लागत नाही.

रविता परवा एस.टी.नं एकटी आली होती. अंगठी तिच्या बोटात होती. म्हणाली, "मी विचाराले आली. डॉक्टरनं तपासून गोळी लिहून दिली आहे. ती तू खाशील का? तुझ्या हातानं, सगळं ठाऊक असून?" मी म्हटलं, ठाऊक नाही. ती म्हणाली, बरं, खोटं तरी नाही बोलला. चहा पिला अन् चारच्या गाडीनं गेली. अंगठी घेऊनच गेली. पुन्हा कधी येईन ते बोलली नाही.

आज सकाळी मी गोळी तळहातावर घेतली. लई वेळ उभा होतो. पांढरी, बारीकशी, तिले काही वासही नाही. आई दारात पाण्याचा गडू घेऊन उभी होती. मी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. हातपंपावर गेलो, स्वतः पाणी काढलं अन् गिळली.

आजचा एक दिवस माझा झाला. उद्याचं मी कोणाले सांगत नाही.

संजू